पाय क्रमांक चौदा

वाळूजच्या शेडमध्ये रात्रपाळीला
बोर्डावरचा बझर मुका.
चिपला चौसष्ट पाय; कुठला कुणाचा,
ते झाडाच्या फायलीत मी लिहायचं.
कर्नल अंदाज बांधत नाही.

लॉग सांगतो: चौदावा आधीच
सिरियल पोर्टानं धरलाय.
दोन फांद्यांवर तोच आकडा,
दोन्ही माझ्याच हातचे.

"एकाच मुहूर्ताला दोन लग्नं
घेतली की गं बँडवाल्यानं,"
इरफाना डबा उघडत म्हणाली.

बावीसवा रिकामाच होता.
त्याच्यापुढं बझर लिहिलं,
आणि काम नसताना उगा भुणभुणू नये
म्हणून खाली ओढून बांधला.

पावणेचारला वाजला.
गेटवरचे दगडूमामा दचकले,
पाळी सुटली समजून
सायकलीचं कुलूप काढायला लागले.