नमुना चौदा

आई, तुझ्या भाताचा काळा रंग
मी वूमिंगहून नान्निंगला आणला
थर्मासमध्ये, बसभर मांडीवर धरून.
शेजारच्या बाईला वाटलं, सूप आहे.

इथे त्याचं नाव झालं नमुना चौदा.
पानं कुठल्या टेकडीवरची, कुणी कुटली,
रात्रभर कुणी जागून ढवळली,
असे रकाने आमच्या तक्त्यात नसतात.

आधी साध्या पाण्यातल्या पेशी.
त्यांना विष दिलं, मग विजेचा प्रवाह.
अंधाऱ्या खोलीत भिंगाखाली पाहिलं,
तर त्यांचे धूमकेतू झालेले:
एकीकडे डोकं, आणि मागे
तुटक्या धाग्यांची ओढत गेलेली शेपटी.
आम्ही शेपट्या मोजतो.
जितकी लांब, तितकं आतलं फाटलेलं.

मग तुझा रंग प्यायलेल्या.
विष तेच, वेळ तेवढाच.
आई, गोल होत्या गं!
सगळ्या नाही. पण पुष्कळ.
वाफेवरून उतरवून
तू दोन बोटांत दाबून बघतेस ना,
त्या दाण्यांसारख्या, भरलेल्या, अखंड.

प्राध्यापक छिन म्हणाले, दुप्पट घट्ट करून बघ.
केला. तर रंगच धागे तोडायला लागला.
हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तू हसलीस:
"एकच रात्र भिजवायची, दुसरी नाही, कडू होतं.
यूएलान, एवढ्यासाठी मशीन लागलं?"

मग थोडं थांबून म्हणालीस,
"तुझे बाबा तर दरवर्षी खायचे.
दोनदा वाढून घ्यायचे."

बावीस वर्षं शिशाची भट्टी.
वर्षातून एक दिवस काळा भात.
हा हिशेब मी मांडला नाही.
काचेत घडतं ते अंगात घडेलच असं नाही,
हे वाक्य अहवालात सहज लिहिलं होतं,
पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.
फोनवर ते तोंडातून निघेना.

तिसऱ्या महिन्याच्या तिजेला
टेकडीवर त्यांच्या थडग्यापाशी
तू पाचही रंगांचा भात मांडलास:
पांढरा, पिवळा, तांबडा, जांभळा;
काळ्याची मूठ मात्र मोठी.
माझ्याकडे न बघता म्हणालीस,
"यांच्यासाठी जरा घट्ट केलाय."

मी काही बोलले नाही.
गवत उपटत राहिले.
उतरताना तूच विचारलंस,
पानं हवीत का अजून, न्यायला?
उखळ धुतलं नाहीये मी.