हलवू नये

बाणेरचं एक ऑफिस बंद पडलं,
त्यांच्या भंगारातून मी हा डबा आणला.
काळा, चार खणांचा, पाट्यासारखा जड,
बाजूला पांढऱ्या मार्करनं लिहिलेलं: 'हलवू नये'.
हलवला.
रिक्षात मांडीवर घेऊन आले कर्वेनगरपर्यंत.

आत ठेवायचं होतं गवत.
चौदा हजार फोटो: वेताळ टेकडी, तळजाई, दिवे घाटाचा उतार,
कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल,
आणि एक फोल्डर 'ओळख पटलेली नाही'.
हेमकांत म्हणतात, लोक लग्नाचे अल्बम जपतात.
मी म्हणते, लग्नात सगळे सारखेच दिसतात.

संध्याकाळी सातला वायर राउटरमध्ये खोचली.
बारीक शीळ, हिरवा दिवा.
आणि मग घरातलं इंटरनेट गेलं,
एकदम नाही, आजारी माणसाची भूक जाते तसं.
आधी टीव्ही. मग माझा फोन.
हेमकांतांचा ब्रिजचा डाव नागपूरकरांशी रंगलेला,
तो नऊला गेला, ऐन बोलीत.
आतून आवाज आला, "काय केलंस?"
एरवी हा प्रश्न फक्त आमटीला विचारतात.

कंपनीचा मुलगा फोनवर: "मॅडम, बंद करून चालू करा."
केलं. "परत एकदा." परत केलं.
"आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय."
हे वाक्य म्हणजे अर्धं ओढलेलं शटर,
आत माणूस आहे, पण तुमच्यासाठी नाही.

मग मीच बसले. चष्मा, वही, पेन्सिल.
बियाणं उगवलं नाही की प्रयोगशाळेत एकेक वगळत जायचो:
पाणी, माती, तापमान,
शेवटी पेरणारा.
फोनचा पत्ता वाचला: दहा, वीस, शून्य, चौसष्ट.
आमचे पत्ते तर एकशेब्याण्णवनं सुरू होतात.
हे दहा-वीस कोण?

डब्याला थेट लॅपटॉप जोडला.
पासवर्ड तळाशीच चिकटवलेला, घाईतल्या अक्षरात.
आत एक ओळ: 'पत्तेवाटप: चालू'.

त्या ऑफिसात पत्ते हाच वाटायचा.
ऑफिस बंद झाल्याचं याला कुणी कळवलंच नव्हतं.
माझ्याकडे आल्या आल्या कामावर रुजू झाला,
राउटरच्या आधी हात वर करून
फोन, टीव्ही, प्रिंटर, जो विचारेल त्याला
बाणेरच्या तिसऱ्या मजल्यावरची जागा देत बसला,
आणि बाहेर जायचं म्हणून दाखवत राहिला एक दार
ज्याची किल्ली आता दुसऱ्याच कुणाच्या खिशात.

नोंदवहीत नावं होती.
रेवती-लॅपटॉप. अकाउंट्स-प्रिंटर. पँट्री-टीव्ही.
मुश्ताक-नवा.
मुश्ताक-नवा-२.
प्रत्येकापुढे 'मुदत संपली'.
सगळ्यात खाली आमचा टीव्ही, 'हजर'.

पत्तेवाटप बंद केलं. 'नक्की?' नक्की.
मग राउटरमध्ये जाऊन त्याची एक जागा धरली,
एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी:
शेवटचा आकडा पन्नास, तिथं दुसऱ्यानं बसायचं नाही.
सगळं बंद. दहापर्यंत मोजलं.
आधी राउटर, मग घरातली मंडळी, शेवटी हा.
पावणेअकराला आतून, "आलं!"
आणि लगेच, "नागपूरकर झोपले पण."

डिस्क पुसायच्या आधी ती यादी मात्र
वहीत उतरवून घेतली, पेन्सिलीनं.
काय करणार आहे तिचं, ठाऊक नाही.
रेवती या नावाची मी कुणाला ओळखत नाही.

रात्रभर गवत जात राहिलं वायरीतून.
सकाळी चहा घेऊन पाहते तर तीन हजार एकशे बारावर थांबलेलं:
'या फाइलचं नाव चालत नाही.'
मारवेल, तळजाई, ऑक्टोबर.
नावापुढे मीच कधीतरी प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

काढलं नाही अजून.
आधी जाऊन बघून येते.