तिसरी प्रत

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
तळ विचारायला हरकत नसावी.

फॉक्स नदी, विस्कॉन्सिन. सप्टेंबरातली रात्रपाळी.
लॉर्ना व्हर्स्टेगनला तळ दिसतो तो पडद्यावर, रंगांत:
निळा म्हणजे राहू द्या,
लाल म्हणजे अडीच फूट, वर एक इंचही नको.
ती ड्रेजरचं डोकं हळूच टेकवते,
झोपेतल्या पोराचा ताप बघावा तसं.

गाळ नळातून मैलोन्‌मैल जातो,
शेडमध्ये कापडांतून पिळून निघतो,
वड्या पडतात. राखाडी.
वास नाही. वास असता तर बरं होतं,
शिवी तरी देता आली असती.
नुसतं माशांच्या चरबीत घर करून बसलेलं,
भाडं न देता.

त्या कागदाला कार्बन लागायचा नाही.
वर लिहा, खाली उमटतं.
पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, पिवळी दुकानाला,
गुलाबी कुठं जायची कोण जाणे.
गिरणीतली कातरणं तिचा बाप ऑर्व्हिल
पाण्याचा फवारा मारून गटारात लोटायचा,
बावीस वर्षं. घरी यायचा तर बोटं निळी.
"कागदच होता गं," म्हणतो,
आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

धक्क्यावर च्यू नेंग लॉर गळ टाकून बसलाय.
पाटीवर तीन भाषा, त्यातली एक त्याची:
वॉलाय मासा महिन्यातून एकदाच खावा.
घरात सात माणसं.
महिना कुणाचा धरायचा,
हे पाटीवर नाही.

पहाटे जाळीत बोलिंगचा चेंडू अडकला.
तिन्ही भोकांत शिंपल्यांचा संसार.
नोंद करावी लागते: वस्तू, वेळ, सही.
फॉर्मच्या माथ्यावर छापलंय, दाबून लिहा.
लॉर्ना दाबून लिहिते.
पांढरी ऑफिसला, पिवळी सरकारला.
गुलाबी तिच्या खिशात राहते, ओलसर.

घरी ऑर्व्हिल जागाच.
"किती निघालं?"
ती आकडा सांगते. त्याला तो कळत नाही, तिलाही.
"आणि खडकाच्या फटीतलं?"
"तिथं वाळू अंथरतो वरून. सहा इंच."

तो कपातला चमचा उगाच फिरवत राहतो.
बऱ्याच वेळानं म्हणतो,
"चाळून घ्या म्हणावं.
वाळू, चाळून घ्या."