रफार

बेचाळीस साली खेतवाडीच्या छापखान्यात
रफार संपले.
बाकी सगळं होतं. काने होते, मात्रा होत्या,
अनुस्वार तर मुठीनं उपसावेत इतके.
रफारांच्या घरात मात्र नुसती शिशाची धूळ.
फाउंड्रीकडे माणूस धाडला, तो हात हलवत परतला:
शिसं लढाईवर गेलंय.

हातातलं काम कोठारेमास्तरांचं,
बत्तीस पानी पुस्तक, किंमत चार आणे,
कुणा कोपर्निकसाचं चरित्र.
आता बघा, त्याच्या नावातच रफार.
सूर्यात रफार, वर्षात रफार, धर्मात, तर्कात,
आणि मास्तर एका पानात सूर्य लिहिणार अकरा वेळा,
जसं काही आभाळात दुसरं कुणी राहतच नाही.

मी वेलिंगशेठना म्हटलं, थांबू या.
शेठ म्हणाले, पंचांग सोड.
कोपऱ्यात फणशीकर शास्त्र्यांचं पंचांग
सुतळीनं बांधून ठेवलेलं, दुसऱ्या आवृत्तीच्या आशेवर.
गाठ सोडताना मी चपला काढल्या.
का, ते विचारू नका.

चिमट्यानं एकेक उचलला.
कर्केतला एक. दर्श अमावास्येचा एक.
मार्गशीर्षाचे दोन्ही.
राहूला हात लावायची वेळ आली नाही,
त्याच्याजवळ आमच्या कामाचं काही नव्हतं.

खिळे जुळवणारा वाचत नाही म्हणतात. खोटं आहे.
मी तर उलटं वाचतो, चौदाव्या वर्षापासून.
म्हणून 'पृथ्वी फिरते' जुळवताना
मला काही गरगरलं नाही.
हात थांबला तो दुसऱ्याच ओळीवर:
हा गृहस्थ चर्चचा हिशेब बघायचा,
रोग्यांना औषध द्यायचा,
आणि लिहिलेलं बाड त्यानं तीसेक वर्षं घरात ठेवलं.
तीस वर्षं
रोज संध्याकाळी शेजाऱ्याला काय म्हणत असेल?
सूर्य बुडाला, दिवा लावा?

छापलेलं पुस्तक हाती आलं त्याच दिवशी तो गेला, असं सांगतात.
आत कुणीतरी परस्पर मजकूर घातला होता:
हे खरं समजू नये, गणितापुरतं आहे.
शेठ माझ्या खांद्यावरून वाचत होते.
असं एखादं पान आपणही टाकू या का?
मी म्हटलं, रफार नाहीत.

ठाकुरद्वारला मास्तर विषमज्वरानं पडलेले.
ओली प्रुफं घेऊन जिना चढताना
मला त्या गोष्टीचीच धास्ती.
पण मास्तर मेले नाहीत. चष्मा मागितला,
एकोणिसाव्या पानावर पेन्सिल टेकवली.
त्यांचंच वाक्य: 'सूर्य मावळल्यावर तो मनोऱ्यावर जाई.'
बराच वेळ बघत राहिले.
मावळतो कुठं रे तो, म्हणाले.
मग पेन्सिल कानावर ठेवली.
राहू दे. आई असंच म्हणायची.
आणि बिलातले दोन रुपये कमी करून घेतले.

परतताना ब्लॅकआउट. दिव्यांना काळे कागद,
गिरगावावर कधी नव्हे इतके तारे,
आणि मी मान खाली घालून,
कारण गटार उघडं होतं.

छपाई झाली. खिळे सोडले, धुतले.
शास्त्री सोमवारी यायचे होते.
कर्केचा कर्केला, दर्शाचा दर्शाला.
मार्गशीर्षात एक कमी.
शेठ दार ओढून घेऊन गेले. उजेडाला बंदी.
मी फरशीवर बसून हात फिरवू लागलो,
तांदळाएवढं, कोयत्यासारखं वाकडं शिसं,
यंत्राच्या पायाशी, फटींत, रद्दीखाली,
आणि जमीन गार होती, अगदी स्थिर,
असं हाताला तरी वाटत होतं.