मागची बाजू

सावद्याला वॅगन लागली की
दुकानात दोन दिवस केळीच्या चिकाचा वास.
नोटांना, काउंटरच्या काचेला, माझ्या पेनला.
चिकाचा डाग साबणाला दाद देत नाही,
घड भरणाऱ्यांची कंबर रात्रीला.

सायबू तडवी आला, एका खांद्यानं वाकलेला.
"ताई, ती दे ना व, दोन रंगाची.
दोन गोया एकात राह्यतात ती."
दोन बैल एका जुवाला, म्हणजे नांगर खोल जाणार,
एवढा सरळ त्याचा हिशेब.
मी दिली. पैसे घेतले. पुढचा गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी दुपारी जैबून, त्याची बायको.
"त्याले ताप हाये, नाक गयते. सर्दीची दे."
माझा हात कपाटापर्यंत गेला
आणि का कोण जाणे, तिथंच थांबला.
"कालपासून काय काय घेतलं त्यानं? पिशवीत असेल ते काढ."

निघाली दोन रंगांची पन्नी, माझ्याच दुकानातली.
एक पांढरी, मुकादमानं दिलेली, कात्रीनं कापलेली,
निम्मं नाव कात्रीत गेलेलं.
एक पिवळी, सर्दीची, शेजारणीकडून, आता रिकामी.
मी चष्मा लावला. तिन्ही पालथ्या घातल्या.
मागे मुंगीच्या पायांएवढी अक्षरं:
पॅरासिटामॉल.
पॅरासिटामॉल.
आणि कात्रीतून वाचलेलं, "…सिटामॉल".

एकच पाहुणा तीन पंगतींना जेवून गेलेला,
दर पंगतीला वेगळी टोपी घालून.
आणि सगळ्यांची उष्टी काढणारं घरात एकच,
उजव्या बरगडीखाली, न बोलणारं.

फुटलेले फुगे मोजले, फणीतली केळी मोजतात तसे.
सहा त्या, चार ह्या, दोन पिवळ्या.
पावतीच्या पाठीवर बेरीज केली. परत केली.
साडेपाच हजार मिलिग्रॅम, पुरता दिवसही झालेला नाही.
धडधाकट माणसाची वेस चार हजारांवर,
आणि वेशीपर्यंत जायलाच हवं असं कुठं आहे?

"जैबून, तो पितो का?"
तिनं रस्त्याकडे पाहिलं.
रस्त्यावर काहीच नव्हतं.

"आत्ता कसा आहे?"
"चांगला हाये व. कंबर बी थांबली."
त्या 'चांगला'नं माझ्या हातातलं पेन पडलं.
हे दुखणं पहिल्या दिवशी ओरडत नाही.
ओरडतं तेव्हा डोळे पिवळे झालेले असतात.
म्हटलं, रिक्षा कर, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने,
आणि ह्या पन्न्या डॉक्टरच्या हातात दे.
त्याच्या तोंडाकडे पाहून त्यांना कळणार नाही,
पन्न्यांकडे पाहून कळेल.

रक्त काढलं, सलाइन लागलं, वेळेत लागलं.
बाराव्या दिवशी सायबू दारात, रागावलेला:
"तुह्यापायी मजुरी गेली माही."
गेली होती खरी.

मी त्याला सांगितलं नाही
की पहिली पन्नी देताना मी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.
दुकानात गर्दी होती. गर्दी खरी होती.
ते कारण नव्हे.

आता गल्ल्यात लाल पेन ठेवते.
पन्नी देताना मागचं ते एक नाव गोल करून देते,
आधी काय घेतलंस ते विचारते.
रांग लांबते. मालक घड्याळाकडे बघतात,
मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

परवा सायबू आला. कंबर तीच, वॅगन तीच.
म्हटलं, डॉक्टरनं काय लिहून दिलंय?
त्यानं घामानं भिजलेली चिठ्ठी काढली.
तेवढ्याच दिल्या.
जेवून घे, दोन्हींत सहा तासांचं अंतर ठेव,
ह्यासोबत दुसरी कुठलीच नको, मुकादमाची तर नाहीच,
आणि संध्याकाळी ते…
तो हसला. त्या हसण्यात वचन नव्हतं.

पण जाता जाता त्यानं पन्नी पालथी केली.
वाचता येत नाही त्याला.
चिकानं काळं पडलेलं बोट लाल गोलावर टेकवलं:
"हे तेच ना व?"