मागचे दोन पाय

परभणीहून टेम्पो आला तेव्हा दुपार होती,
लाईट गेलेली, कादराबादेतली सगळी दुकानं जांभया देत.
सालेह चाऊस स्वतः पुढं बसून आलेले,
मागं सरकीच्या पोत्यांत बांधलेलं काहीतरी.
"उस्ताद, सम्हाल के. फ्रान्सका है."
सुतळी कापली तर आतून निघालं
अर्धंच टेबल.

पुढं दोन पाय, बकरीच्या गुडघ्यागत वाकलेले,
मधे शिंपला, शिंपल्याच्या कडेनं पानंच पानं,
आणि सगळ्यावर सोनं,
जिथं फडकं पोचत नाही तिथं अजून जिवंत.
मागं काहीच नाही.
मागच्या फळीला रंधासुद्धा लागलेला नव्हता,
करवतीचे ओरखडे तसेच.
आप्पा उकिडवे बसले, हात फिरवला, म्हणाले,
"पाय मोडले बिचाऱ्याचे."

वर कधीकाळी संगमरवर असणार.
आता शहाबादी फरशी होती,
तिच्यावर चहाच्या कपांची गोल गोल वर्षं.
जिनिंगच्या हापिसात होतं म्हणे,
त्याआधी कुण्या नवाबाच्या दिवाणखान्यात,
त्याआधीचं चाऊसांनाही सांगता येईना.

खिळखिळं झालंय तेवढं बसवा, ते म्हणाले, महिन्यानं येतो.
पाय लावा असं काही म्हणाले नव्हते.
लावू नका, असंही नाही.

आप्पांनी एका कोपऱ्यात नख लावून पाहिलं.
सोन्याखाली तांबडी माती,
मातीखाली खडू,
मग लाकूड.
"गेरू आन् चुना," ते हसले, "आपल्या भिंतीवाणीच की."
मग कितीतरी वेळ ते पानच बघत राहिले.
"कशाचं आसंल गं?"
मी म्हणाले, विदेशी असेल काही.
"विदेशी कामून? करडईचं पान हाय हे.
काटा बघ. मामाच्या रानात पोटऱ्या सोलून निघायच्या मपल्या."

दिवसा गिऱ्हाइकांचे पाट, लग्नाचे पलंग,
देवघराची दारं.
रात्री हे.
जुन्या चौकटीतला साग, तेल प्यालेला,
आणि पटाशी अशी चालायची,
की झोपलेल्या पोरीच्या केसातून फणी फिरवावी.
एका पानाआड त्यांनी बोंड कोरलं, फुललेलं,
जे पुढच्या पायांवर कुठंच नव्हतं.
मी बोट ठेवलं तर म्हणाले,
"नुस्ता पाला? फूल नको का त्याला?"

वर्ख मिठाईवाल्याकडून आणला, चांदीचा,
वरून लाखेचं पिवळं पाणी.
सकाळच्या उन्हात चारी पाय सारखे दिसले.
जवळजवळ.

चाऊसांबरोबर हैदराबादचे एक गृहस्थ आले.
त्यांनी चष्मा पुसला, वाकले,
पुन्हा चष्मा पुसला.
वाईट बोलले नाहीत, हे सांगायलाच हवं.
समजावल्यासारखं म्हणाले,
हे टेबल मुळातच दोन पायांचं असतं, मिस्त्री.
ते भिंतीला टेकतं.
भिंत म्हणजेच त्याचे मागचे पाय.

आप्पा बराच वेळ गप्प.
मग एवढंच, "आन् भिंत नसंल तर?"
गृहस्थ हसले. चाऊस हसले नाहीत.

खिळा कुठंच मारलेला नव्हता, नुसती कुसवं.
हलक्या दोन टोल्यांत सुटली.
ठरले तेवढे पैसे चाऊसांनी दिले, वर शंभर,
ते शंभर आप्पांनी फळीवर तसेच ठेवले,
रखमाजी पांचाळांची मजुरी खिळखिळं बसवण्याची होती.
टेबल गेलं, पोत्यांत, सुतळीत,
कुठल्यातरी भिंतीकडे.

आता दुकान मी बघते.
ते दोन पाय अजून कोपऱ्यात आहेत,
भिंतीला टेकून.
चांदी ती, काळी पडलीय;
बोंड तेवढं चमकतं,
येता-जाता माझाच हात लागतो म्हणून.
परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, हे कशाचे?
हातात रंधा होता. मान वर न करता
मी म्हणाले,
फ्रान्सचे.