ठराव क्रमांक चार

अनुदान आलं एकवीस मार्चला.
पंचवीस हजार.
एकतीसच्या आत खर्चायचं, नाहीतर
आल्या वाटेनं परत.
वर्षभर वाट बघायची, दहा दिवसांत संपवायचं.
वर, परभणीच्या सभागृहात,
कोटींची पानं उलटतात म्हणे एका दुपारी.
तिथं आमची शाळा
एखाद्या ओळीच्या शेवटी
'इत्यादी'मध्ये बसलेली असते.

सभा चौथीच्या वर्गात.
मोठी माणसं लेकरांच्या बाकांवर,
गुडघे पोटाशी,
मागं भिंतीवर नऊचा पाढा.
इतिवृत्त मी लिहितो. अकरा वर्षं मीच,
अक्षर बरं आहे म्हणून.

बिरादार सरांनी फळ्यावर मांडलं:
स्वच्छतेचे अडीच हजार, ते वरूनच ठरलेले.
वीजबिलाची थकबाकी सहा हजार चारशे
(मीटर काढून नेलं त्याला दीड वर्ष झालं,
बिल अजून येतं).
खडू, हजेरीपट, एक नकाशा: एकवीसशे.
उरले चौदा हजार.
त्याखाली दोनदा रेघ,
वजाबाकी संपल्यावर ओढतात तशी.

"रंग," सर म्हणाले.
"एप्रिलात साहेब येणारेत. भिंती बोलक्या पाहिजेत.
आगगाडी, ग्रहमाला, बाराखडी.
तांड्यावरच्या शाळेनं केल्या,
त्यांचे फोटो पार वरपर्यंत गेले."

केवळाबाई घुगे अध्यक्ष.
सही करताना जीभ दातांत धरतात.
त्या म्हणाल्या,
"भिती बोलतीन सर. पन पोरींच्या संडासाला दार न्हाई.
सातवीच्या पोरी दुपारी घरी जातेत,
माघारी येत न्हाईत.
मंग भिती बोलनार कुनाशी?"

मुनीर शेखनं मोबाइलवर आकडे केले:
पत्रा, चौकट, दोन कड्या, सिमेंट,
आणि वर पाण्याची टाकी, कारण
पाण्याबिगर दार कशाला, हे सोपान लोखंड्यानं विचारलंच होतं.
तेरा हजार सहाशे.
मुनीरचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान.
"माझ्याकडून घेऊ नका," तो म्हणाला, "जिंतूरहून आणा.
उद्या कुनी बोट दाखवाया नको."

आमच्याकडे मतदान होत नसतं.
"ठीक आहे ना?" असं होतं,
मग पंखा नसलेल्या वर्गातली शांतता,
मग चहा.
त्या दिवशी केवळाबाई म्हणाल्या,
हात वर करा.

रंगाला पाच.
दाराला पाच.
आणि सहावीची शिवकन्या आडे, विद्यार्थी प्रतिनिधी.
तिला मत नाही, नियमातच नाही,
तरी तिचा हात वर,
उत्तर येत असल्यावर करतात तसा,
दुसऱ्या हातानं कोपर धरून.

अकरावा मी.
लिहीत होतो म्हणून हात खाली होता,
असं मी मला सांगितलं.
माझी सेवापुस्तिका बिरादार सरांच्या कपाटात,
रजेच्या अर्जावर सही त्यांची.
सगळे माझ्याकडे बघत होते,
फक्त सर फळ्याकडे.

हात वर केला. पेनासकट.

सर काही बोलले नाहीत.
तळहातानंच 'रंग' पुसला,
तळहात पँटीला पुसला,
म्हणाले, लिहा.

आणि माझ्या हातानं सवयीनं लिहिलं:
'सर्वानुमते मंजूर'.

खोडलं.
वर लिहिलं: सहा विरुद्ध पाच.
लेखापरीक्षणाला खाडाखोड चालत नाही,
समासात सही करावी लागते.
केली.
अकरा वर्षांच्या वहीत
पहिल्यांदा कुणीतरी 'नाही' म्हणाल्याची नोंद,
आणि तीही खोडून.
शिवकन्येचा हात कुठं लिहायचा
ते मला अजून कळलेलं नाही.

एकोणतीसला दार बसलं.
पावती तीन प्रतींत.
कडी आतून लागते का बघायला
तीच आत गेली.
बाहेर आम्ही उभे, सहाही, पाचही,
बिरादार सर टाकीचा नळ उघडझाक करत.

कडी वाजली.
मग बराच वेळ
तिनं दार उघडलंच नाही.